बुजगावणे जाळणारी मुले

गेली काही वर्षे मराठीत सोव्हिएत बालपुस्तकांची आठवण पुन्हा निघू लागली आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांनी मराठीत छापलेली, लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि ठिकठिकाणच्या प्रदर्शनांत अगदी थोड्या पैशांत मिळणारी ती पुस्तके सोव्हिएत संघ कोसळल्यावर यायची थांबली, आणि ज्यांनी ती लहानपणी वाचली त्यांची मुलेही आता मोठी झाली आहेत. साहजिकच या आठवणींबरोबर एक वादही आला. एका बाजूचे म्हणणे असे की ते एक निर्मळ जग होते; बर्फ, बर्च वृक्ष, प्रेमळ आजोबा, प्रामाणिक मुले, आणि बाजाराचा स्पर्श नसलेली कला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हा सगळा सुंदर चित्रांत गुंडाळलेला प्रचार होता, तुरुंगछावण्या चालवणाऱ्या राज्यसंस्थेने जगभरच्या मुलांसाठी छापलेली जाहिरात होती, आणि तिच्यासाठी हळवे होणे हा भाबडेपणा आहे.

मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा मांडला जातो असे वाटते, कारण वरवर एकमेकींविरुद्ध उभ्या असलेल्या या दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. मूल म्हणजे मऊ माती, आणि प्रश्न काय तो ती कोणाच्या हातात पडली एवढाच. एक म्हणतो हात चांगला होता, दुसरा म्हणतो वाईट होता. त्या कलाकृतीने मुलाला त्याच्या स्वतःच्या जगाबद्दल, म्हणजे वर्गाबद्दल, मैत्रीबद्दल आणि घोळक्यात शिरल्यावर आपण काय होतो याबद्दल खरे सांगितले की नाही, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझ्या मते बालकलेची कसोटी हीच आहे. या कसोटीवर सोव्हिएत काळातला निदान एक चित्रपट असा उतरतो की तो पाहिल्यावर निर्मळतेचा दावाही टिकत नाही आणि प्रचाराचाही.

तो चित्रपट म्हणजे रोलान बिकोव यांचा ‘चुचेलो’. या शब्दाला मराठीत ‘बुजगावणे’ हा जवळचा शब्द आहे. व्लादिमिर झेलेझ्निकोव यांची याच नावाची कथा १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली, ‘मोसफिल्म’ या सरकारी चित्रपटसंस्थेने १९८३ मध्ये तिच्यावरचा चित्रपट पुरा केला आणि १९८४ मध्ये तो प्रदर्शित झाला. कथानक सांगायला सोपे आहे, पाहायला अतिशय अवघड. लेना ही सहावीतली मुलगी एका जुन्या, लहानशा गावात आजोबांकडे राहायला येते. आजोबा निकोलाय निकोलायेविच हे गावाच्या दृष्टीने एक वेडे गृहस्थ आहेत. त्यांचा एक पूर्वज चित्रकार होता. त्याची विखुरलेली चित्रे शोधून विकत घेण्यात त्यांचा सगळा पैसा जातो आणि अंगावरचा कोट ठिगळांचा असतो. गावाने त्यांना ठिगळांवरून नाव पाडले आहे. नातीलाही वर्गात पहिल्याच दिवशी नाव पडते, बुजगावणे. वर्गातला एकच मुलगा, देखणा आणि सगळ्यांचा लाडका दीमा सोमोव, तिच्या बाजूने उभा राहतो आणि ती त्याला मनापासून मित्र मानते.

एके दिवशी सगळा वर्ग तास बुडवून सिनेमाला पळतो. दीमा काही कामाने मागे वळतो, बाईंसमोर सापडतो आणि खरे सांगून टाकतो. शिक्षा म्हणून वर्गाची मॉस्कोची सहल रद्द होते. मुलांनी त्या सहलीसाठी स्वतः काम करून पैसे साठवलेले असतात. आता ‘गद्दार’ कोण याचा शोध सुरू होतो. दीमा गप्प बसतो. तो गप्प बसलेला पाहून, तो थोड्या वेळाने बोलेलच या विश्वासाने, लेना पुढे होऊन म्हणते की मीच सांगितले. तो बोलत नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या दिवशीही नाही. वर्ग लेनाला वाळीत टाकतो, गावभर तिचा पाठलाग करतो, आणि शेवटी तिचाच पोशाख चढवलेले एक बुजगावणे उभे करून तिच्या डोळ्यांदेखत पेटवून देतो. या सगळ्यात श्माकोवा आणि पोपोव ही दोन मुले अशी आहेत की दीमाने बाईंना सांगितले तेव्हा ती लपून तिथेच होती. त्यांना पहिल्या क्षणापासून सत्य माहीत आहे. ती पुढे काय होते हे पाहत राहतात.

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे मान्य करून टाकतो, कारण ते खरेच भक्कम आहेत. सोव्हिएत चित्रपट हा सरकारी उद्योग होता. संहितेपासून प्रदर्शनापर्यंत प्रत्येक टप्प्यावर मंजुरी लागे, आणि मुलांच्या चित्रपटांकडून राज्यसंस्थेची अपेक्षा उघड होती. बाललेखक अर्कादी गायदार यांचा तिमूर हा नायक १९४० मध्ये कथेत आणि पडद्यावर जवळजवळ एकदमच आला. सैनिकांच्या कुटुंबांना गुपचूप मदत करणारी त्याची टोळी मुलांना इतकी आवडली की देशभर ‘तिमूरपंथी’ मुलांची पथके उभी राहिली. ते चांगलेच काम होते, यात शंका नाही. पण सिनेमातून मुलांचे संघटन उभे करता येते हेही तेव्हा सिद्ध झाले, आणि ते ओळखणारी राज्यसंस्था निरागस नव्हती. त्याहून काळी गोष्ट पावलिक मोरोझोवची आहे. उरल भागातल्या गेरासिमोव्का गावात १९३२ मध्ये मारल्या गेलेल्या या किशोरवयीन मुलाने स्वतःच्या बापाविरुद्ध साक्ष दिली असे सांगून त्याला ‘पायोनियर’ या सोव्हिएत बालसंघटनेतल्या मुलांचा आदर्श केले गेले, त्याचे पुतळे उभारले गेले, शाळांना आणि रस्त्यांना त्याचे नाव दिले गेले. ज्या देशात चुगली हा सद्गुण म्हणून शिकवला गेला, तिथल्या बालकलेकडे संशयाने पाहणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही.

परंतु हे सगळे मान्य करून ‘बुजगावणे’ पुन्हा पाहिला, तर तिथे काय दिसते? वर्गाची पुढारी मिरोनोवा आहे. तिला मुले ‘लोखंडी बटण’ म्हणतात. ती दुष्ट नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे. ती वर्गातली सर्वांत तत्त्वनिष्ठ मुलगी आहे. तिला खोटे सहन होत नाही, ती कोणाला घाबरत नाही, आणि गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. म्हणजे तिमूरमध्ये जे गुण वाखाणले गेले, ते जवळजवळ सगळे तिच्यात आहेत. तिच्यामागे आपले-परके ओळखणारी, शिस्तबद्ध आणि एकमेकांना धरून राहणारी टोळीही आहे. शिक्षणतज्ज्ञ मकारेंकोंपासून सोव्हिएत शिक्षणशास्त्राने ज्या समूहाला मुलाचा खरा शिक्षक मानले, तो समूह इथे आपले काम चोख बजावतो आहे, आणि त्याचे काम एका मुलीला जाळण्याच्या नाटकापर्यंत पोहोचते. तिमूर आणि मिरोनोवा यांच्यामध्ये ४३ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात त्या देशातल्या मोठ्यांनी समूहाच्या नावाने जे भोगले, ते एका बालचित्रपटाच्या पोटात इतक्या स्पष्टपणे यावे, आणि तरीही आपण त्याला ‘प्रचार’ या खणात टाकून मोकळे व्हावे, हे मला बौद्धिक आळसाचे लक्षण वाटते.

यावर असे म्हटले जाईल, आणि म्हटलेही जाते, की एका अपवादाने काय सिद्ध होते? शिवाय चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाला तो १९८६ मध्ये, म्हणजे गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यानंतर, वारे फिरल्यावर. पुरस्काराबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. पण चित्रपट तयार होऊन लोकांसमोर आला तो १९८४ मध्ये, गोर्बाचेव्ह मार्च १९८५ मध्ये पक्षाचे सरचिटणीस होण्याआधी. आणि अपवादाचे म्हणाल, तर सोव्हिएत बालकलेचा इतिहासच अशा ‘अपवादांनी’ भरलेला आहे, त्यांचा आणि सत्तेचा संबंध मात्र मैत्रीचा नव्हता. बालकवी कोर्नेय चुकोव्स्की यांच्या मगरीच्या कवितेवर १९२८ मध्ये पक्षाच्या ‘प्राव्दा’ या मुखपत्रात टीकालेख लिहिला तो खुद्द लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी; मुलांना त्यातून जगाची खरी माहिती मिळत नाही, निव्वळ बाष्कळपणा मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. दानिल खार्म्स यांचे मोठ्यांसाठीचे लेखन जवळजवळ छापलेच गेले नाही, मुलांसाठीचे तेवढे छापले गेले, आणि १९४२ मध्ये वेढा पडलेल्या लेनिनग्राडमधल्या तुरुंग-रुग्णालयात त्यांचा अंत झाला. ज्या पुस्तकांना आपण आज एकतर निरागस नाहीतर सरकारी म्हणतो, त्यांतल्या कित्येकांच्या लेखकांना सरकारने निरागसही मानले नाही आणि आपलेही मानले नाही.

बिकोव याच परंपरेतले. चुकोव्स्कींच्या प्राण्यांच्या डॉक्टरवर त्यांनी १९६६ मध्ये एक विलक्षण चित्रपट केला होता. नट म्हणून त्यांनी काम केलेला ‘कोमिसार’ हा १९६७ चा चित्रपट सरकारने वीस वर्षे डब्यात ठेवला होता. ‘बुजगावणे’चे संगीत सोफिया गुबाइदुलिना यांचे आहे, आणि तिथे तर योगायोगालाही अर्थ येतो. १९७९ मध्ये संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख ख्रेन्निकोव यांनी सात संगीतकारांची नावे घेऊन त्यांच्यावर जाहीर टीका केली, त्यांपैकी एक गुबाइदुलिना. नाव घेऊन, सर्वांसमोर उभे करून वेगळे काढले जाणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नसेल. आजोबांच्या भूमिकेत युरी निकुलिन आहेत. ते सर्कशीतले विदूषक. सगळा देश त्यांना पाहताच हसायचा. या चित्रपटात तो चेहरा नातीचे बोलणे ऐकत असतो आणि प्रेक्षकाला त्याच्यावर हसण्याची एकही संधी मिळत नाही. अशी माणसे एकत्र येऊन सरकारी पैशाने एक चित्रपट करतात, तेव्हा त्यात सरकारचे किती आणि त्या माणसांचे किती, हे कष्ट घेऊन पाहावे लागते. ‘सोव्हिएत’ हे विशेषण लावले की ते कष्ट वाचतात, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो विचारसरणीतून आलेला नाही, काळजीतून आला आहे. इतके क्रौर्य मुलांना दाखवावे का? चित्रपट दोन तासांहून मोठा आहे, आणि त्यातला बराच भाग एका लहान मुलीचा छळ पाहण्यात जातो. लेनाची भूमिका करणारी क्रिस्तिना ओर्बाकाइते तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. सहा वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखवू नये हे मी बिनशर्त मान्य करतो. बुजगावणे पेटते आणि लेना त्या आगीकडे धाव घेते तो प्रसंग मोठ्यांनाही झोपू देत नाही. तेव्हा सोव्हिएत प्रेक्षकांतही यावरून मोठी खळबळ उडाली. पत्रांचा पाऊस पडला. आमच्या शाळांत अशी मुले नसतात, ही पायोनियर मुलांची बदनामी आहे, असे कित्येक मोठ्यांनी लिहिले, आणि त्याच पत्रांत कित्येकांनी असेही लिहिले की हे माझ्याबाबतीत घडले आहे.

या दोन प्रकारच्या पत्रांकडे नीट पाहिले तर आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. मुलांना असे काही दाखवू नये म्हणणारा असे धरून चालतो की मुलांना ते ठाऊक नाही. पण वर्गात एखाद्याला वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नसते ते मूल नसते, ते मूल सोडून घरातले बाकी सगळे असतात. ज्याच्यावर वेळ येते त्याला ठाऊक असते, जो ती आणतो त्यालाही, आणि बाकावर बसून पाहणाऱ्या तीस जणांना तर सगळ्यांत चांगले ठाऊक असते. चित्रपटातल्या बाई मार्गारिता इवानोव्ना वाईट नाहीत. त्या स्वतःच्या लग्नाच्या धांदलीत आहेत आणि समोर काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. क्रौर्य दाखवू नका म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते की ही काळजी नक्की कोणाची आहे? लेनाची, की मार्गारिता इवानोव्नांची? आपल्याकडे, जिथे गावकी आणि जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तिथे तरी मुलांना ‘वाळीत’ हा शब्द कळणार नाही अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

इथे स्मरणरंजन करणाऱ्या बाजूशीही माझे भांडण आहे. पडद्यावरची मुले चांगलीच असली पाहिजेत ही मागणी तेव्हाच्या रागावलेल्या पत्रलेखकांची होती, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांची होती, आणि सोव्हिएत बालकलेतली केवळ ऊब आठवणाऱ्या आजच्या प्रेमिकांचीही नकळत तीच आहे. ऊब खरी होती, मीही ती अनुभवली आहे. त्या पुस्तकांतले मासे पकडणारे, खोड्या काढणारे बाप-लेक मला अजून दिसतात. पण त्या कलेतून आपण फक्त ऊब निवडून घेतली, तर तिच्या सर्वांत धाडसी माणसांनी काय केले ते आपण पुसून टाकतो.

आणखी एक वाचन आहे, ते हुशार लोकांचे आहे म्हणून अधिक धोक्याचे. ते असे की हा मुलांचा चित्रपट नाहीच. वर्ग म्हणजे देश, लोखंडी बटण म्हणजे सत्ता, आणि हे सगळे मोठ्यांसाठीचे रूपक आहे. साम्य आहे हे नाकारता येत नाही. १९५८ मध्ये कवी आणि कादंबरीकार पास्तरनाक यांना लेखक संघातून काढताना, ज्यांनी त्यांची कादंबरी वाचलीही नव्हती ते सभांतून उठून निषेध करत होते, आणि ज्यांना मनातून हे चूक आहे असे वाटत होते ते हात वर करत होते. तिथले कितीजण श्माकोवा आणि पोपोव होते! तरीही चित्रपट एवढ्यावर संपवणे म्हणजे तो मुलांच्या हातातून काढून घेणे आहे. बारा वर्षांच्या मुलाला हा चित्रपट समजण्यासाठी पास्तरनाक कोण हे माहीत असावे लागत नाही. उलट मला असे वाटते की त्या सभागृहात हात वर करणारी माणसे ती गोष्ट प्रथम सहावीच्या वर्गात शिकली होती, आणि बिकोव व झेलेझ्निकोव यांना हे कळले होते. मोठ्यांच्या राजकारणाचे छोटे रूप मुलांत दिसते असे आपण म्हणतो; या चित्रपटात क्रम उलटा आहे.

प्रचार आणि सत्य यांतला फरक ओळखण्याची एक खूण मला या कथेच्या शेवटात दिसते. सत्य बाहेर येते, दीमा उघडा पडतो, आणि वर्ग लगेच आता त्याला वाळीत टाकायला निघतो. मिरोनोवाच्या न्यायाने हे अगदी बरोबर आहे. गद्दार बदलला, शिक्षा तीच. प्रचारकथेला इथे थांबता आले असते. निर्दोष सुटला, दोषी सापडला, समूहाने आपली चूक सुधारली. पण केस पूर्ण कापून, मुंडल्या डोक्याने त्या मुलांसमोर येऊन उभी राहिलेली लेना यात सामील व्हायला नकार देते. जिला जाळले गेले ती आता कोणालाही जाळणार नाही, मग तो दोषी का असेना. इतके अवघड नैतिक पाऊल, म्हणजे समूहाची शिक्षा चुकीच्या माणसाला झाली म्हणून नव्हे तर ती तशी शिक्षा आहे म्हणूनच नाकारणे, मोठ्यांसाठीच्या किती चित्रपटांत सापडते? हे एका मुलीच्या तोंडी देऊन लेखकाने आणि दिग्दर्शकाने समोरच्या मुलांना ते पेलेल असे मानले. मुलाला माती समजणाऱ्याला हे सुचणार नाही.

त्यानंतर आजोबा आपले घर आणि आयुष्यभर जमवलेली चित्रे त्याच गावाला देऊन टाकतात. नातीच्या चेहऱ्याची, तिच्यासारखेच केस कापलेल्या मुलीची एक जुनी तसबीर शाळेत पोहोचते. ती दोघे बोटीने गाव सोडून जातात. त्या गावाला शिक्षा होत नाही, दीमाचे पुढे काय झाले ते कळत नाही, आणि मुले बदलली असे कोणी आपल्याला सांगत नाही. वर्गातला एक मुलगा फळ्यावर खडूने लिहितो, ‘बुजगावण्या, आम्हाला क्षमा कर.’ माफी खरी आहे, लिहिणाऱ्याला मनापासून वाईट वाटले आहे. आणि तरी माफी मागतानाही त्यांनी तिला तेच नाव लावले आहे, जे पहिल्या दिवशी लावले होते. ती मुले चांगली झाली असे दाखवायचे असते, तर फळ्यावर ‘लेना’ लिहून घेणे किती सोपे होते. बिकोव यांनी ते लिहून घेतले नाही.